मार्फत जानराव

बाबा गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाचा मांडव सुटला त्याच सकाळी शेजारची तुळसाबाई नातीला, सपनाला, घेऊन दारात आली. मला वाटलं, बसायला आल्या.

"रत्नमाला, जानरावच्या मेलवर सपनाचा ओटीपी आला असंन. पाहून दे बरं."

सपनाला अकोल्याला नर्सिंगची जागा मिळाली होती. ती पक्की करायचा आकडा, तुळसाबाईच्या भाषेत ओटीपी, बाबांच्या ईमेलवर येणार होता. उद्या संध्याकाळपर्यंत तो भरला नाही, तर जागा दुसऱ्या मुलीला.

"तुझा स्वतःचा ईमेल का नाही दिलास?"

"गल्लीत सगळ्यायचा आजोबाचाच हाय ना, ताई."

बाबा मेडशीच्या पोस्टात होते. ज्यांच्या घराला धड पत्ता नव्हता, त्यांची पत्रं 'मार्फत जानराव' अशी यायची. पत्रं थांबली, मार्फत थांबली नाही. पीकविमा, शिष्यवृत्ती, गॅस, सगळ्या फॉर्मांवर गल्लीनं त्यांचाच ईमेल घातला होता. बाबा टॅबलेट घेऊन ओट्यावर बसत आणि ज्याचा निरोप त्याला हाक मारून सांगत. त्यांचं खातं बंद करून नोकरीवर अमरावतीला परतायचं, एवढंच मी ठरवलं होतं.

ते आधीच बंद पडलं होतं. 'संशयास्पद हालचालींमुळे'. पासवर्ड मला ठाऊक होता, बाबांचा फोनही हातात होता. उत्तर आलं, तुमच्या इंटरनेटच्या पत्त्यावरून आलेली विनंती स्वीकारता येत नाही. वायफाय सोडून मोबाइलच्या नेटवरून गेले, तर म्हणे ही जागा ओळखीची नाही, नेहमीच्या ठिकाणाहून प्रयत्न करा. नेहमीचं ठिकाण म्हणजे घर. घरून गेलं की पत्ता बदनाम, बाहेरून गेलं की आपण परके. मदतकेंद्राचा फोन मला इंग्रजीत धीर धरायला सांगत राहिला.

दुपारी नेटवाला अमरदीप आमच्या तालुक्याच्या मालेगावहून मोटरसायकलवर आला.

"राउटर बंद करून चालू केला काय, ताई?"

"चारदा."

"आणखी एकडाव करून पाहू."

केलं. मग त्यानं मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि त्याचा चेहरा उजळला. "तुमचा आयपी ब्लॅकलिस्ट हाय! या घरातून हजारो फालतू मेल जाऊन राह्यले. माह्या लाइनवर असं कोणाचंच नाई झालं आजलोक. तुमी काही पाठवता काय रात्री?"

"अमरदीप, या घरात माणूस गेलंय."

"नाई हो ताई, आपलं इचारलं."

"मग दुसरा आयपी दे."

"थो अकोल्याहून भेटते. सोमवारी."

तो गेल्यावर मी घरातले सगळे फोन बंद केले, टॅबलेटही. राउटरचा दिवा लुकलुकतच होता, म्हणजे अजून कुठूनतरी काहीतरी जात होतं. टीव्हीच्या मागे हात घातला. बाबांनी मालेगावच्या बाजारातून आणलेला, सगळे चॅनल फुकट दाखवणारा काळा डबा टीव्ही बंद असूनही गरम लागत होता.

"त्याले हात नको लावू," आई म्हणाली.

त्या डब्यात बाबांनी वेळ लावून ठेवली होती. पहाटे सहाला टीव्ही आपोआप लागायचा आणि बुद्धवंदना सुरू व्हायची. ते गेल्यावरही ती लागत होती. आई अंथरुणातच हात जोडून बसायची.

आपल्या नकळत ते फालतू मेल हा डबाच पाठवतो, हे मी तिला समजावून सांगितलं.

"म्हंजे थेच चोर?"

"हो."

"यायनं आणलं, अन् थे चोर?"

"बाबांना काय ठाऊक, आई. कोणालाच दिसत नाही ते."

ती स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज झाला, थांबला. "त्या पोरीचं उद्याच हाय काय?" तिनं आतूनच विचारलं. मी हो म्हटलं. ती बाहेर आली, स्वतः पिन उपसली, वायर डब्याभोवती गुंडाळली आणि डबा कपाटात ठेवला.

यादीतून पत्ता काढण्याची विनंती मी पाठवली. 'एक दिवस लागू शकतो.'

सकाळी सहाला टीव्ही लागला नाही. आई तरी उठून बसली. हात मांडीवर होते. मी कूस बदलून झोपल्यासारखं केलं.

दिवसभर सपना ओट्यावर आणि तुळसाबाई कुंपणाशी.

"खुललं काय?"

"नाही, तुळसाबाई."

"तू बराबर दाबून राह्यली ना पन?"

चहाच्या वेळी एकदाचं खातं उघडलं. न वाचलेल्या निरोपांची रांग खालपर्यंत गेली होती. मी सपनाचा तेवढा पाहिला, बाकीच्यांवर नजर ठरू दिली नाही. तिनं आकडा भरला. जागा पक्की झाली. तुळसाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "जानरावच्या टायमाले एवढा येळ नव्हता लागत."

"सपना, इथे बस," मी म्हटलं. "स्वतःचा ईमेल काढल्याशिवाय उठायचं नाही."

ती भराभर भरत गेली. नाव, जन्मतारीख, पासवर्ड. शेवटी विचारलं होतं, खातं अडकल्यास कोणत्या ईमेलवर कळवायचं? तिनं न अडखळता, न बघता बाबांचा टाकला.

"सपना!"

"काय झालं, ताई?"

मी काही बोलायच्या आत फाटक वाजलं. पलीकडचा किशन होता.

"रत्नाताई, मेल चालू झाला म्हन्ते? माह्या इम्याचं पाह्यचं होतं."

मी टॅबलेट उचलला. चार्जिंग संपत आलं होतं.

"ये," मी म्हटलं. "अन् आईला म्हणावं, चार्जर दे."