तिसरं स्मरणपत्र

मुलीच्या गणवेशाची बाही इस्त्रीखाली सरळ करत असतानाच दाराची घंटी वाजली. त्याने दार उघडलं. बाहेर सासरे उभे होते. दोन वर्षांत त्यांनी या घराची पायरी चढली नव्हती.

"आत या, बाबा."

ते आत आले, पण बसले नाहीत.

बायको अपघातात गेली त्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात त्यांनी सगळ्यांदेखत त्याला विचारलं होतं, "झोप लागली होती का तुम्हाला?" ब्रेक लागलाच नाही हो, असं तो घशाला कोरड पडेपर्यंत सांगत राहिला. कुणाला पटलं नाही. पुढे पुढे त्याचाच स्वतःवरचा विश्वास उडाला. कुणी विषय काढला की खाली मान घालून म्हणायचा, "लागला असेल डोळा."

सासऱ्यांनी खिशातून पत्र काढलं. गाडी त्यांनीच लेकीला हौसेनं घेऊन दिली होती, कागदोपत्री त्यांच्याच नावावर होती. म्हणून कंपनीचं पत्र त्यांच्या पत्त्यावर आलं होतं.

"वाचा. मोठ्यानं वाचा."

तो वाचू लागला. या मॉडेलच्या गाड्यांमध्ये ब्रेकच्या नळीत दोष आढळला आहे. तेल गळून ब्रेक अचानक निकामी होऊ शकतो. गाडी चालवू नये, नळी विनामूल्य बदलून मिळेल.

'ब्रेक अचानक निकामी' एवढे शब्द त्याने पुन्हा एकदा वाचले. मग नजर शेवटच्या ओळींवर गेली. 'याआधी पाठवलेल्या दोन पत्रांना आपल्याकडून उत्तर आलेलं नाही.' खाली तारखा होत्या. पहिलं पत्र अपघाताच्या पाच आठवडे आधीचं होतं.

त्याने कागदाची घडी घातली.

"एवढंच?" सासऱ्यांनी विचारलं.

"एवढंच. खाली सही आहे कुणाची तरी."

सासरे मटकन खुर्चीत बसले.

"जाहिरात समजून फाडलं हो मी ते पहिलं," ते म्हणाले. "न उघडताच. ती समोर चहा पीत बसली होती. म्हणाली, बघा तरी काय आहे. मी म्हटलं, यांना दुसरे उद्योग नाहीत."

त्याने जाऊन इस्त्रीचं बटण बंद केलं.

"तोंडावर बोला. शिव्या द्या मला."

आतून मुलगी कंगवा घेऊन बाहेर आली आणि परक्या माणसाला पाहून थबकली.

"पप्पा, वेणी राहिली."

त्याने कंगवा घेतला आणि सासऱ्यांच्या हातात दिला.

"हे आजोबा आहेत," तो मुलीला म्हणाला. "तुझ्या आईची वेणी हेच घालायचे."

ती जरा घुटमळली, मग त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. त्यांनी केसांचे तीन पेड केले, आणि हात तिथेच थांबले.

"दुखत नाहीये मला," मुलगी म्हणाली. "घाला की."