मिठाकडे गेलेला चेंडू

दमलोय रे मित्रांनो. मी माजिवड्याच्या मैदानाच्या कडेला पडलेला जुना दगडी रोलर. आता मला कोणी ओढत नाही. माझ्यावर बसून बुटांच्या नाड्या तेवढ्या बांधतात.

कामाला मी लागलो मिठागरात. काळुराम आणि त्याचा बाप मला ओढून मिठाचे वाफे दाबायचे. मिठागर बंद पडलं, तेव्हा काळुरामनंच दोस्त जमवून मला इथे पिचसाठी आणलं. मैदानाच्या त्या अंगाला तेव्हा मिठाचे ढीग दिसत. चेंडू तिकडे गेला की पोरं ओरडायची, ‘मिठाकडे!’ ढीग गेले, टॉवर आले, शब्द मात्र राहिला. मिठागर कधी न पाहिलेली पोरंही तेच ओरडतात. बॉलिंगसुद्धा मिठाकडून, नाहीतर रस्त्याकडून.

काळुरामची नजर आता गेली. रोज माझ्यावर येऊन बसतो आणि या हाकांवर खेळ बघतो. हो, बघतोच म्हणायचं.

परवा मुलींची फायनल होती. नात कल्पिता खेळणार म्हणून म्हातारा सकाळीच येऊन बसला. पण मॅच यूट्यूबवर जाणार, म्हणून मंडळानं माइकवरच्या हितेशला बजावलं होतं, ते गावठी मीठबीठ नको. तो आपला लेग साइड, ऑफ साइड करत राहिला. भोंग्यापुढे पोरांच्या हाका कुठल्या ऐकू येणार? त्यात कल्पिता डावखुरी. ती खेळायला आली की ऑफची लेग आणि लेगची ऑफ. म्हातारा पार गांगरला. शेजाऱ्याला विचारलं, “बॉल कं गेला रं, कुठल्या अंगाला?” त्याचं डोकं मोबाइलमध्ये. शेवटी काळुराम काठी चाचपत घरी जायला उठला. मला फार वाईट वाटलं, पण माझ्यासारख्या दगडाचं कोण ऐकतंय?

कल्पितानं ते पिचवरून पाहिलं. पुढचा चेंडू तिनं जोरात हाणला, रनसाठी निघाली, मध्येच थांबली आणि तोंडाशी हात नेऊन ओरडली, “आजा, मिठाकडे!”

तेवढ्यात रनआउट झाली. टीम हरली. मंडळवाले तिला नको नको ते बोलले. ती येऊन माझ्यावर बसली. काळुरामही परत बसला होता.

“लांब गेला ना गं?” त्यानं विचारलं.

“खूप लांब, आजा.”

मला पुन्हा ओढा, असं मी म्हणत नाही मित्रांनो. माझ्यात आता तेवढा दम नाही. पण कडेला कोणी बसलेलं असेल, तर चेंडू कुठे गेला ते त्याला सांगत जा. त्याला कळेल अशा शब्दांत सांगा.