चादरीचा कोपरा

"थंड पाणी गं बाई, थंड! गरम ओतलंस की रक्त कापडात घर करून बसतं."

दवाखान्याच्या धुलाईखान्यात अठरा वर्षं हीच हाक. म्हणून तिचं नावच पडलं होतं थंडपाणी मावशी. गाठोडी यायची, गाठोडी सुटायची. दुसऱ्यांच्या बाळंतपणांचे, दुसऱ्यांच्या जखमांचे डाग तिच्या हाताखाली फिके होत जायचे.

आज हाक मारता मारताच ती यंत्राला टेकली.

"मावशी, आजही काळंच?" इस्त्रीवाली म्हणाली. "महिन्यातले वीस दिवस काळं. कावळ्यांनी तुला पंगतीत घेतलं वाटतं!"

"काळ्यावर मळ दिसत नाही," मावशी हसली. उपाशीपोटी कोरा चहा घेतला, त्यावर दुखण्याची गोळी. पाणी ती पीतच नसे. मोरी लांब, आणि उठलं की अंगावरून धार लागायची. पोट वाढलं तशी तिने कमरेची नाडी लांब केली. वय झालं, म्हणाली. सुटलेय जरा, म्हणाली.

घरी परतली तेव्हा न्हाणीत पालथ्या घमेल्याखाली बादली दिसली. थंड पाण्यात भिजवलेली फडकी. तिची नव्हती. फळीवरचं गोळ्यांचं पाकीटही अर्धं रिकामं होतं.

"किती दिवस झाले?"

लेक कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "अकरा."

"आणि बोलली नाहीस?"

"त्यात काय बोलायचं? आपल्याकडे असंच जातं ना? आजीचं, तुझं. तूही कुठे बोलतेस?"

मावशी उंबऱ्यावरच बसली. लेकीला तिने हे कधी शिकवलं नव्हतं. लेक नुसती बघत आली होती.

दुसऱ्या दिवशी दोघी दवाखान्यातच वर, बायकांच्या तपासणीला गेल्या. डॉक्टरीणबाईंनी मावशीच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली.

"रक्त उरलंय कुठे अंगात? कधीपासून जातंय एवढं?"

"चार वर्षं... पाच धरा."

"धुलाईखान्यातून इथवर दोन जिने. पाच वर्षं लागली?"

"कामं होती."

"आईलाही होतं?"

"असावं. तीही काळंच नेसायची."

"आडव्या व्हा."

टेबलावर पांढरी चादर होती. कोपऱ्यात लाल दोऱ्याचे तीन टाके, धुलाईखान्याची खूण म्हणून तिनेच घातलेले. मावशीने पिशवीतून जुना टॉवेल काढला, अंगाखाली घ्यायला. लेकीने तो हातातून घेतला.

"राहू दे आई."

बाईंचे हात पोटावर फिरले, थांबले. "गाठी आहेत. गर्भपिशवी पाच महिन्यांच्या पोटाएवढी झालीय. फोटो काढू, रक्त भरू, मग काय करायचं ते ठरवू. पण आता अंगावर काढायचं नाही." त्या लेकीकडे बघत म्हणाल्या, "मुलीलाही बघते. आईला असलं की लेकीला होण्याचा संभव जास्त असतो. तिचं लवकर कळेल, एवढं बरं."

मावशी उतरली. चादरीवर तळहाताएवढा डाग पडला होता. हात सवयीने तिकडे गेला. गोळा करावी, बगलेत लपवावी, खाली न्यावी.

तिने ती तशीच, उघडी, गाठोड्याच्या टोपलीत टाकली. कपाटातून घडीची नवी चादर काढली, झटकली, टेबलावर पसरली. चारही कोपरे ओढून ओढून सारखे केले. मग लेकीला म्हणाली,

"ये. नीज इथे. सगळं सांग बाईंना."