तीन स्टिका आणि एक ओलं टेबल

मुलांनो, एक टेबल डोळ्यांसमोर आणा. तुमच्या वर्गातल्या बाकाच्या चौपट मोठं, वर हिरवं कापड ताणून बसवलेलं. चार कोपऱ्यांना चार भोकं आणि लांब बाजूंच्या मध्यावर आणखी दोन. आता हातात एक लांब, टोकाकडे निमुळती होत गेलेली काठी धरा. काठीच्या टोकाने पांढऱ्या चेंडूला ढोसायचं, पांढऱ्याने रंगीत चेंडूला धडकायचं आणि रंगीत चेंडू भोकात पडायचा. या खेळाला पूल म्हणतात आणि काठीला स्टिक. दिसलं का सगळं? मग आपण इंदापूरला पोचलो.

तिथल्या पूल क्लबात रविवारी सकाळी तीन स्टिकांची परीक्षा होती. बारामतीच्या संघाशी सामना ठरला होता आणि क्लबला सहा नव्या स्टिका हव्या होत्या. पहिली काळीभोर, कार्बनची, पुण्याहून मागवलेली. दुसरी मेपल नावाच्या परदेशी लाकडाची, बारामतीच्या दुकानातली. तिसरी निमगाव केतकीच्या अमीरने स्वतःच्या लेथवर शिसवीच्या लाकडातून कातलेली.

अमीर एरवी लाटणी आणि पलंगाचे पाय कातायचा. पण आता लाटणी कारखान्यातून येतात आणि पलंग लोखंडी झाले. सहा स्टिकांचं काम मिळालं तर त्याचा लेथ चालू राहणार होता. नाही मिळालं तर लेथ विकून तो पिंपळीला गोदामात कामाला जाणार होता. ही गोष्ट त्याच्या पाचवीतल्या मुलीला, झोयाला, ठाऊक होती. म्हणूनच ती सोबत आली होती.

परीक्षक होते क्लबचे अध्यक्ष दादासाहेब. त्यांनी जन्मात पूल खेळला नव्हता, त्यामुळे त्यांचा निकाल निःपक्षपाती लागणार याची सर्वांना खात्री होती.

आधी अर्थातच उद्घाटन. हार झाला, उदबत्ती झाली. नारळ फोडायला मात्र दगड सापडेना.

"ह्यो कोपरा मजबूत हाय की!" म्हणत दादासाहेबांनी टेबलाच्याच लोखंडी कोपऱ्यावर नारळ आपटला. पाणी उडालं ते थेट हिरव्या कापडावर. भोकाच्या अलीकडे ताटाएवढा ओला डाग पडला. टाळ्या वाजल्या. क्लबातला सर्वांत चांगला खेळाडू अनुप फडकं घेऊन धावला, तर दादासाहेब म्हणाले, "ऱ्हाऊ दे रे. शुभ असतं."

मग त्याच भोकाकडे नेम धरून अनुपने तिन्ही स्टिकांनी एकेक चेंडू मारला. कार्बनच्या स्टिकचा चेंडू डागावर आला, मंदावला आणि भोकापासून वीतभर अलीकडे थांबला. मेपलचा तिथेच थांबला. अमीरचाही तिथेच.

दादासाहेबांनी डोळे मिटून विचार केला. "कार्बनला नऊ मार्क. चेंडू थांबला खरा, पण रुबाबात थांबला. मेपलला आठ. कव्हरची चेन झकास हाय. आणि अमीर, तुला चार."

"चार का, दादासाहेब?" अमीरने विचारलं.

"अरं, तू लाटणं लांब केलंयस नुसतं! आणि कव्हर कशाचं? साडीचं?"

सगळे हसले. ती पिशवी झोयाच्या आईने, शमाने, शिवली होती. अमीर स्टिक पिशवीत घालू लागला. झोया टेबलाशी गेली आणि तिने डागावर तळहात ठेवला. दादासाहेबांना ती आबा म्हणायची.

"आबा, तिन्ही चेंडू हितंच थांबले. कापड ओलं हाय."

खोलीतल्या सर्वांना एकदम छताचा पंखा बघावासा वाटला.

"म्हंजी माझ्यामुळं परीक्षा बिघडली म्हणतीस व्हय?" दादासाहेबांनी विचारलं.

"न्हाय आबा. पाण्यामुळं."

दादासाहेबांना वाट सापडली. "बरोबर बोलली पोरगी! हल्लीच्या नारळांत पाणीच लय. मग आता काय करायचं?"

"दुसऱ्या बाजूचं भोक कोरडं हाय. अनुपदादाच मारतील. चेंडू त्याच जागी ठेवायचा, प्रत्येक स्टिकला दहा वेळा. बदलायची ती फक्त स्टिक."

तसं झालं. कार्बनने दहापैकी आठ चेंडू घातले. मेपलने आठ. अमीरच्या स्टिकनेही आठ.

आता खोलीतलं वारं फिरलं. मघाशी सगळ्यात मोठ्याने हसलेला माणूस म्हणाला, "शिसवीला तोड न्हाय, मी पयल्यापासनं सांगतोय." दादासाहेबांनी चाराचे नऊ केले. साडीच्या पिशवीचा त्यांना आता अभिमान वाटू लागला. "आपल्या मातीतली स्टिक! अमीर, सहाच्या सहा तुझ्याच. आण हात इकडं."

अमीरने हात पुढे केला. त्याचे डोळे भरून आले होते.

झोया मात्र टेबलाकडे बघत होती. कार्बनचे दोन चेंडू चुकले, त्यातला एक डावीकडे गेला, एक उजवीकडे. मेपलचंही तसंच. अब्बाच्या स्टिकचे दोन्ही चेंडू डावीकडे गेले होते, दोन्ही सारखेच. हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. कुणी विचारणारही नव्हतं.

मुलांनो, स्टिक सरळ आहे का हे बघायची एक साधी रीत असते. ती टेबलावर आडवी ठेवून लोटायची. सरळ असेल तर गुपचूप गडगडत जाते. कुठे वाकलेली असेल तर तिचं टोक वरखाली उडतं.

झोयाने आधी अब्बाकडे पाहिलं. मग पिशवीतून स्टिक काढली, टेबलाच्या कोरड्या बाजूला आडवी ठेवली आणि सगळ्यांदेखत लोटली.

टक. टक. टक. टोक उडत होतं.

दादासाहेबांच्या हातातला अमीरचा हात तसाच राहिला. "काय झालं गं?" त्यांनी विचारलं.

झोयाने स्टिक उचलली आणि अब्बाच्या दुसऱ्या हातात दिली. "अब्बा, मधी जराशी वाकलीय," ती म्हणाली. "आबा, आमाला आठ दिवस द्या. सरळ करून आणतो. मग परत दहा चेंडू मारा." आणि उत्तराची वाट न बघता ती कार्बनची स्टिक टेबलावर आडवी ठेवून लोटू लागली.