साहेबाच्या मेजावर उतरवलेली पगडी

मी एक जुनी लाल पगडी आहे. मित्रांनो, आता मला कसर लागली आहे, पण अठराशे त्र्याण्णव सालातला तो सोमवार मला अजून लख्ख आठवतो.

गिरगावातल्या पगडबंदाने मला ओली असताना ताणून, घडीवर घडी घालून बांधले. महादेवराव परळच्या एका गिरणीत दुभाषी कारकून झाले, त्या दिवशी मी त्यांच्या डोक्यावर बसले. कामगारांचे बोलणे साहेबाला इंग्रजीत सांगायचे आणि साहेबाचे कामगारांना मराठीत, हे त्यांचे काम. चाळीतली माणसे मला पाहून वाट सोडत. मला फार मिरवावेसे वाटे.

पण डोक्यावर बसले की आतलेही कळते. बायकांना दिवसात दीड तास विश्रांती द्यावी असा कायदा होता, आणि गिरणीत ती मिळत नव्हती. सरकारी तपासनीस आला तेव्हा सूत गुंडाळणारी भोईवाड्याची सखुबाई पुढे झाली.

"भाकर उभ्यानंच खातो, सायेब. लेकराला पाजायला बी सोडत न्हाईत."

महादेवरावांनी इंग्रजीत सांगितले, "ही म्हणते, विश्रांती मिळते, तक्रार नाही." गिरणीच्या साहेबाने तसे आधीच बजावले होते.

जाताना सखुबाईने विचारले, "दादा, समदं नीट सांगितलंत नव्हं?"

"हो," ते म्हणाले. माझ्याखालून घाम कानावर ओघळला.

त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागेना. गिरणीचे दार दिसले की कपाळाची शीर उडू लागे. महिन्याभराने, एका रविवारी त्यांच्या पत्नी राधाबाई म्हणाल्या, "अहो, भात गार झाला. एवढा कसला घोर?"

"उद्या तो तपासनीस पुन्हा येतोय. मला पुन्हा खोटं सांगावं लागणार. सोडावी म्हणतो ही नोकरी. शाळेत शिकवीन."

"शाळेत! जावई गिरणीच्या कचेरीत आहे म्हणून माझे वडील गावभर मिरवतात. आता काय सांगू, पोरांकडून मुळाक्षरं गिरवून घेतो?"

दोघेही हसले, पण पुढचा घास कुणीच घेतला नाही.

सोमवारी साहेबाने बोलावले. तो विलायतेहून नुकताच आलेला. "आजही तेच सांग," तो म्हणाला. महादेवरावांनी मला उतरवले आणि त्याच्या मेजावर ठेवले. मित्रांनो, वरिष्ठापुढे बोडक्याने उभे राहणे हा तेव्हा आपल्याकडे मोठा अपमान समजत. पण त्यांच्यात मान द्यायला टोपी काढतात! साहेब खूश झाला. "शाबास! आमची रीत शिकलास."

नोकरी नको हे न बोलता सांगायचा महादेवरावांचा बेत फसला; आता शब्दांनीच सांगणे भाग होते. इतक्यात खाली तपासनीसाची घोडागाडी थांबली.

"साहेब," ते कसेबसे म्हणाले, "मान म्हणून नाही काढली. मी नोकरी सोडतोय. पण आज सखुबाई जे बोलेल, तेच मी सांगणार."

साहेब लालबुंद झाला. दुसरा दुभाषी आणायला वेळ नव्हता. सखुबाई बोलली आणि महादेवरावांनी तिचा शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला. मग मला काखेत मारून ते चालत गिरगावला आले.

वाटेत माणसे बाजूला होत होती. घरात कुणी मेले तरच घरंदाज माणूस असा बोडका रस्त्यावर दिसे. दारात राधाबाई किंचाळल्याच, "अगं बाई! कोण गेलं?"

"कुणी नाही. नोकरी सोडून आलो."

राधाबाई मटकन उंबऱ्यावर बसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "मग ती पगडी आधी डोक्यावर घाला. घरात सगळे जिवंत आहेत, सुतक कसलं पाळताय?"

शाळेत जागा मिळायला सात महिने लागले. त्या महिन्यांत दोघांच्या डोळ्याला नीट डोळा लागला नाही. सखुबाईला बसून भाकर खायला मिळाली का, हे मला कधीच कळले नाही.

मित्रांनो, माझी जपणूक करा असे मी म्हणत नाही. मी कापडच आहे. पण तुमचे वडील कामावरून गप्प गप्प घरी आले, तर त्यांच्या जवळ बसा आणि एवढेच विचारा, "बाबा, आज तुम्हाला काय बोलावं लागलं?"