बरकतीचे आठ आणे

दिग्रसच्या बाजारात आठ आण्याचं नाणं कोणी घेईना, म्हणून वामनरावांनी ते कीर्तनात आरतीच्या ताटात टाकलं. तेही असं खणकन, की पुढच्या दोन रांगांनी वळून पाहिलं. आपल्या भक्तीनं त्यांचं त्यांनाच भरून आलं.

काल्याच्या दिवशी बुवा ताटातलं एकेक नाणं प्रसाद म्हणून वाटत. ते घरात ठेवलं की बरकत राहते. वामनराव सगळ्यांत पुढे, डोळे मिटून, हात पसरून बसले. मिळालेलं नाणं आधी कपाळाला लावलं, मग पाहिलं. आठ आणे! ताटात तसं एकच होतं.

"दुकानदारानं नाई घेतलं म्हनून देवाले देलं नं?" त्यांच्या पत्नी कोकिळाबाई बायकांच्या रांगेतून म्हणाल्या. "घ्या, देवानंही वापस केलं!"

आता वामनराव रोज त्या नाण्याला हळदकुंकू वाहतात आणि आपलाच कान पकडतात.