हात पोचतो तिथपर्यंत

मिरेल्लाने इस्त्री ब्लाउजच्या कॉलरवर दाबली आणि जरा जास्तच वेळ तिथे राहू दिली. करपल्याचा वास यायच्या आत उचलली. ब्लाउज लोइसचा होता. ती अमेरिकन मुलगी फेब्रुवारीपासून मिरेल्लाच्या पलंगावर झोपत होती आणि मिरेल्लाची खाट स्वयंपाकघरात गेली होती.

“तिच्याबरोबर जा गं,” आई म्हणाली. “परक्या देशात एकटं परीक्षेला जाणार लेकरू. घाबरलंय बघ, कॉफीसुद्धा घेतली नाही.”

“मला दुकानात जायचंय.”

“हातमोजे थांबतील एक दिवस.”

चौदाव्या वर्षी शाळा सोडून मिरेल्ला त्या दुकानात हातमोजे शिवायला बसली, तेव्हा तिच्या कॉफीची चौकशी कुणी केली नव्हती. लोइस एका सत्रापुरती आली होती, इथली भाषा, इतिहास, चित्रं शिकायला. आणि चार महिन्यांत आईच्या हातचा चांगला तुकडा तिच्या ताटलीकडे वळला होता. आमची लोइस असं वाचते, आमची लोइस तसं लिहिते, असं आई जिन्यात शेजारणींना सांगे. ते ‘आमची’ मिरेल्लाला सुईसारखं टोचायचं. मुलगी वाईट असती तर बरं झालं असतं. पण ती भांडीही घासून ठेवायची.

इटलीतल्या या पेरूजाच्या विद्यापीठात तोंडी परीक्षा चारचौघांसमोर होते. मागच्या बाकांवर कुणीही बसावं. मिरेल्ला बसली आणि लोइस कधी अडखळते याची वाट बघू लागली.

प्रोफेसर बारत्सींनी एक फोटो पुढे सरकवला. मिरेल्लाने मान उंचावली. तो त्यांच्याच पेठेतल्या चर्चच्या भिंतीवरचा देवदूत होता, मारियाला येशूबाळ पोटी येणार ही वार्ता सांगणारा. त्याच्यासमोरच तिचा बाप्तिस्मा झाला होता. लोइस मात्र चित्रकार, साल, रंग कसे लावले, सगळं घडाघडा सांगत सुटली, जणू तिच्याच घरची भिंत.

“झग्याची खालची कड पुसट का झालीय?” प्रोफेसरांनी विचारलं.

“भिंतीला ओल आहे,” लोइस म्हणाली. “पुस्तकात तसं दिलंय.”

“ओल नाही.”

मिरेल्ला कधी उभी राहिली हे तिचं तिलाच कळलं नाही.

“पलीकडे बेकरीची भट्टी आहे. ती भिंत कधी ओली होतच नाही. दिवस गेलेल्या बायका त्या कडेवरून हात फिरवतात आणि तोच हात पोटावर ठेवतात. रंग हात पोचतो तिथपर्यंतच गेलाय.” मग तिचा आवाज उतरला. “माझ्या वेळी आई रोज जायची.”

लोइसचे कान लाल झाले. प्रोफेसर बराच वेळ फोटो न्याहाळत राहिले. मग त्यांनी लोइसच्या गुणपुस्तिकेत, विद्यापीठात नाव घातलेल्या प्रत्येकाला मिळते त्या पुस्तिकेत, तीसपैकी सव्वीस लिहून सही केली. वर्गाला न येता थेट परीक्षेला बसणारे त्यांच्याकडे पुष्कळ असत. सगळे चेहरे कुठे लक्षात राहणार? त्यांनी मिरेल्लापुढे हात केला.

“या, सिन्योरीना, आता तुमचं ऐकू. पुस्तिका द्या.”

लोइसने तोंड उघडलं आणि मिरेल्लाकडे बघून मिटून घेतलं.

“आज आणली नाही,” मिरेल्ला म्हणाली.

“मग सप्टेंबरच्या फेरीला आणा. विसरू नका.”

दोघी जिना उतरल्या. खाली दाराशी आल्यावर मिरेल्ला थांबली. लोइसच्या ब्लाउजची दुमडलेली कॉलर तिने सरळ केली आणि तिच्याकडे न बघताच विचारलं,

“ती पुस्तिका कुठे मिळते?”